घरी रास्पबेरी पायवर (हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर) स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा का? लाइट गेली तर मेल बुडतील ना? पोस्टफिक्स घेऊ की मेलकाऊ?

पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) आणि जोडीला डव्हकॉट (आलेला मेल साठवून वाचायला देणारा). मेलकाऊ म्हणजे हे सगळं एकत्र बांधलेला संच, तो किमान ६ जीबी रॅम मागतो, घरच्या चार पत्त्यांसाठी तो पसारा नको.

लिहायला बसलो ते तुमच्या लाइटच्या प्रश्नामुळे. आमचे साडू पुण्यात आयटीत आहेत. दर गणपतीला कुडाळला आले, की जेवणं झाल्यावर त्यांचं सुरू: "अहो, तुमच्याकडे पाऊस आला की लाइट जाते. लाइट गेली की मेल गेला. फुकट मिळतंय ते वापरा की!" सगळे हसतात, बायकोसुद्धा.

मेल असा जात नाही. सर्व्हर सापडला नाही, तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस धीर धरतो. लाइटच्या लहरीवर अवलंबून असलेल्या जगासाठीच हे बनलंय. सर्व्हरांनी एकमेकांना मेल कसा द्यायचा त्या नियमांचा, म्हणजे एसएमटीपीचा, पहिला मसुदा १९८१चा आहे. एका जूनमध्ये वादळात आमच्याकडे खांब पडले. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस अंधार, इन्व्हर्टरही बसला. लाइट आल्यावर रास्पबेरी पाय चालू झाला आणि संध्याकाळपर्यंत अडकलेले मेल एकेक करत आले. त्यात साडूंनी मुद्दाम परीक्षा म्हणून पाठवलेलाही होता! त्याचं उत्तर मी लगेच दिलं. त्यांनी मात्र विषय बदलला.

खरी अडचण मेल पाठवण्याची आहे, आणि ती साडूंना कधी सुचली नाही. घरच्या ब्रॉडबँडवर बहुतेक वेळा सीजीनॅट असतं (अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता), वर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बंद. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी विकत घेतला, तरी त्याची पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) इंटरनेट कंपनीच्या हातात. शिवाय घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) असतात. २०२४च्या फेब्रुवारीपासून जीमेल तर छोट्या पाठवणाऱ्यांकडूनही एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्याच पाठवणाऱ्याचा असल्याची खूण) मागतं, पीटीआरही नीट लागतं. म्हणून येणारा मेल घरी घ्या आणि जाणारा पैसे देऊन एखाद्या रिलेमार्फत (आपल्या वतीने मेल पुढे धाडणाऱ्या सेवेमार्फत) पाठवा. यात कमीपणा काही नाही. सीजीनॅट असेल तर येणाऱ्यासाठीही छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा (एक व्हीपीएन) बोगदा टाका.

डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) मात्र स्वतःचंच हवं, सर्व्हर नंतर केला तरी चालेल. साडूंनी मागची नोकरी सोडली तेव्हा विमा, सोसायटी, मुलांची शाळा, सगळीकडे कंपनीचाच पत्ता दिलेला होता. महिनाभर फोन करत बसले होते.

हां, एक गोष्ट त्यांची मान्य करतो. ओटीपी रांगेत थांबून आला तर उपयोग शून्य, त्यामुळे बँकेला माझाही जीमेलच दिलेला आहे. हे त्यांना सांगितलेलं नाही. आणि मेल एसडी कार्डावर ठेवू नका, एसएसडी लावा.