तुमचे प्रश्न: मांजराच्या कानावरचा एक थेंब

मांजराची शुगर घरी कशी तपासायची, याबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं आहे. तिथला प्रश्न सगळ्यांचाच आहे, म्हणून ते तसंच राहू दिलं.

प्रश्न: माझा बोका दहा वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे. दोन महिन्यांपासून त्याला रोज दोन वेळा इन्सुलिन देते. घरी तो आता पूर्वीसारखा खेळतो, पाणीही कमी पितो. पण दवाखान्यात तपासलं की शुगर 380 च्या पुढेच येते. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवण्याआधी काही दिवस घरी तपासून आकडे आणा. मशीन आणून पंधरा दिवस झाले. एकदाच सुई टोचली, तर तो फिसकारून कपाटावर जाऊन बसला आणि रात्रभर खाली आला नाही. तेव्हापासून मशीन डब्यातच आहे. त्याचा माझ्यावरचा विश्वास उडेल, याचीच मला जास्त भीती वाटते.

उत्तर: ताई, तुमच्या डॉक्टरांनी लगेच डोस वाढवला नाही, हे फार चांगलं केलं. मांजर घाबरलं की त्याच्या अंगात जी संप्रेरकं सुटतात, ती यकृतातली साखर रक्तात ओततात. पिंजरा, गाडीचा आवाज, कुत्र्यांचा वास, अनोळखी हात, एवढं पुरतं. निरोगी मांजराची शुगर एरवी साधारण 80 ते 120 असते, पण भीतीनं तीसुद्धा 300 च्या वर गेलेली मी पाहिली आहे. तुमच्या बोक्याच्या 380 मध्ये मधुमेह किती आणि भीती किती, हे त्या आकड्याकडे बघून कुणालाच सांगता यायचं नाही. आणि त्याच आकड्यावर विसंबून डोस वाढवत गेलं, तर घरी निवांत झोपलेल्या मांजराची शुगर नको तितकी खाली उतरते.

तो पाणी कमी पितो, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मांजराच्या रक्तातली साखर 250 ते 300 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून मांजराला तहान लागते. तहान कमी झाली, म्हणजे दिवसातला बराच वेळ तो या रेषेखाली असावा असं मला वाटतं. खरं काय ते घरचे आकडेच सांगतील.

आता विश्वासाचं. माझ्याकडे बंड्या नावाचा बोका होता. त्याला अकराव्या वर्षी मधुमेह झाला. दवाखान्यात मी रोज दुसऱ्यांच्या मांजरांचं रक्त काढत होते, तरी घरी पहिल्या आठवड्यात माझ्याकडून तुमच्यासारखंच झालं. सगळी तयारी करायची, बंड्याला उचलून आणायचं, टोचायचं. चौथ्या दिवशी मशीनचा डबा उघडल्याचा आवाज आला की तो पलंगाखाली जाऊ लागला. मग मी सुई ठेवून दिली आणि आठवडाभर नुसता त्याचा कान हातात घेतला.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. घरातली एक जागा ठरवा. त्याची झोपायची किंवा लपायची जागा मात्र नको, ती त्याची त्यालाच राहू द्या. आम्ही खिडकीशी एक घडी घातलेलं पांघरूण टाकलं होतं. त्यावर बसवायचं, कान चोळायचा, त्याचा आवडता खाऊ द्यायचा आणि सोडून द्यायचं. दोन दिवसांनी कानामागे कापसाचा बोळा धरायचा, खाऊ द्यायचा, सोडायचं. मग मशीन नुसतं शेजारी ठेवायचं. सुई टोचायचं जे स्प्रिंगचं पेन मशीनबरोबर येतं, त्याचा खटका वाजवून दाखवायचा. काही मांजरांना सुईपेक्षा त्या खटक्याचाच धसका असतो. तुमच्या बोक्याचं तसं असेल तर पेन बाजूला ठेवा आणि लॅन्सेट, म्हणजे त्यातली सुई, हातानंच टोचा. या आठवड्यात आकडा मिळणार नाही, आणि तो न मिळाल्यानं काही बिघडत नाही, कारण इन्सुलिन ठरल्याप्रमाणे चालूच आहे.

खिडकीकडे तोंड करून बसवलं की बंड्याच्या कानातून उजेड आरपार यायचा. कानाच्या बाहेरच्या कडेलगत एक बारीक लालसर-निळी रेघ दिसते. ती शीर. सुई त्या शिरेत घालायची नसते. शीर आणि कानाची कड यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तिथे टोचायचं. आधी कान गरम हवा. गार कानातून रक्त येतच नाही, आणि निम्मे लोक इथेच हरतात. छोट्या बाटलीत कोमट पाणी भरा, तिला पातळ कापड गुंडाळा आणि कानाला मिनिटभर लावून ठेवा. आधी तुमच्या मनगटाला लावून बघा, सोसवेल इतकीच ऊब हवी. मग त्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात फिरवा. त्यामुळे रक्त केसांत पसरत नाही, गोल मणी होऊन उभं राहतं. स्पिरिट लावू नका. ते झोंबतं, त्याचा वास मांजराला सहन होत नाही, आणि नीट वाळलं नसेल तर आकडाही चुकतो.

कानामागचा बोळा विसरू नका. मी एकदा विसरले. सुई कानातून आरपार जाऊन माझ्या बोटात शिरली. बंड्या हललाही नाही. मशीनच्या पट्टीवर गेलेलं रक्त त्याचं होतं की माझं, हे मला आजही सांगता येणार नाही. तो आकडा मी वहीतून खोडला.

सुरुवातीला 28 नंबरची सुई घ्या. नंबर जितका लहान, तितकी सुई जाड. पहिल्या दिवसांत कान रक्त द्यायला तयार नसतो, तेव्हा फार बारीक सुईनं दोन-तीनदा टोचावं लागतं, आणि मांजराला खरा त्रास होतो तो त्या पुन्हा पुन्हा टोचण्याचा. दोनेक आठवड्यांत कान सरावतो, थेंब सहज येतो, मग 30 नंबरवर जा. टोचल्यावर कानाच्या बुडाकडून कडेकडे अलगद दाब द्या. थेंब उभा राहिला की मशीन कानापाशी न्या आणि पट्टीची कड थेंबाला नुसती टेकवा. पट्टी आपणहून रक्त ओढून घेते. मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब पुरतो. मग कोरड्या कापसानं वीसपर्यंत अंक मोजत दाबून धरा. हे दाबणं टाळलं की कान काळानिळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो कान हातात देत नाही.

माझे दोन नियम होते, ते तुम्हीही पाळा. दोनदा टोचून थेंब आला नाही तर त्या वेळी थांबायचं. आणि आकडा मिळो न मिळो, खाऊ द्यायचाच. आकडा न मिळालेल्या वेळी इन्सुलिनचं काय करायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मला उशीर झाला. मी आले तेव्हा बंड्या त्या पांघरुणावर येऊन बसला होता, मान माझ्याकडे, डावा कान खिडकीकडे. त्यानंतर चार वर्षं आम्ही रोज दोनदा तिथे बसलो. ताई, कपाटावरची ती रात्र तुमच्या बोक्याच्या लक्षात राहणार नाही असं मी म्हणत नाही. पण त्यानंतरचे पन्नास खाऊही त्याच्या लक्षात राहतात.

प्रश्न: मी 71 वर्षांचा आहे, मलाही मधुमेह आहे. आमच्या मनीला तो झाल्यावर मी माझ्याच मशीनवर तिची शुगर बघतो. परवा 62 दाखवली. ती इकडेतिकडे फिरत होती, खायला मागत होती. मी तिला खायला दिलं, पण रात्रभर झोप लागली नाही. माणसाचं मशीन मांजराला चालतं का?

उत्तर: काका, तुम्ही खायला दिलंत ते अगदी योग्य केलंत. मशीन चालतं, पण त्याची भाषा समजून घ्यावी लागते. माणसाच्या रक्तातली साखर साधारण 58 टक्के रक्तद्रवात आणि 42 टक्के लाल पेशींत असते. मांजरात 93 टक्के रक्तद्रवात असते, पेशींत जेमतेम 7. तुमचं मशीन माणसाचा हिशेब धरून आकडा काढतं, म्हणून मांजराच्या रक्तावर ते खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. किती कमी, ते मात्र ठरलेलं नसतं. त्यामुळे अमुक इतके मिळवा, असं सूत्र मी तुम्हाला देणार नाही. प्राण्यांसाठीची मशीनं मिळतात, त्यांत मांजराचा वेगळा कोड असतो. जमलं तर ते घ्या. नाही जमलं, तर एकच मशीन कायम वापरा, ते माणसाचं आहे हे वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. पुढच्या खेपेला दवाखान्यात रक्त काढतील तेव्हा त्याच रक्ताचा थेंब तुमच्या मशीनवर टाकून दोन्ही आकडे शेजारी मांडा. स्वतःची वापरलेली सुई तिला लावू नका, तिची स्वतःला लावू नका.

आणि कमी आकडा दिसला तर मशीन चुकलं असेल असं म्हणून बसू नका. 70 च्या खाली आकडा आला आणि ती शुद्धीवर असेल, तर लगेच खायला द्यायचं, डॉक्टरांना फोन करायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ती लटपटत असेल, अंगाला झटके येत असतील, नजर हरवल्यासारखी वाटत असेल, तर मध बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळा आणि तसेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मध लावून ती उठून बसली तरी न्याच. इन्सुलिनचा अंमल अजून संपलेला नसतो, शुगर पुन्हा उतरू शकते.

प्रश्न: मी कॉलेजात शिकते. आमच्या मांजरीची शुगर सकाळी 310 आणि संध्याकाळी 140 येते. ती 2 युनिटवर आहे. सकाळी जास्त येते म्हणून मी तीन दिवस सकाळी अर्धा युनिट वाढवला. बरोबर केलं ना?

उत्तर: नाही. आज संध्याकाळपासून मूळ डोसवर ये, पण इंजेक्शनच्या आधीचा आकडा 150 च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन कर, आणि हे तीन दिवस जसे झाले तसे त्यांना सांग. ते रागावतील या भीतीनं लपवू नकोस. 2 युनिटवर अर्धा म्हणजे एकदम चौथाई वाढ. माणसाच्या मानानं अर्धा युनिट किरकोळ वाटतो, चार किलोच्या जिवाला तो किरकोळ नसतो.

इंजेक्शनच्या आधीचा आकडा फक्त आधीच्या डोसचा अंमल संपता संपता शुगर कुठे होती ते सांगतो. मधल्या बारा तासांत ती कुठवर खाली गेली, हे त्यातून कळत नाही. कदाचित रात्री दोनला ती 60 वर असेल. ते बघायला एका सुट्टीच्या दिवशी इंजेक्शनच्या आधी एकदा आणि मग दर दोन तासांनी, असं बारा तास तपास. वेळ, आकडा, किती खाल्लं, सगळं लिही. सगळ्यात खालचा आकडा 80 ते 150 च्या दरम्यान असावा, असं आम्ही बघतो. तो कितीवर आणि कोणत्या तासाला येतो, त्यावर डॉक्टर डोस ठरवतात. तेच मांजर, तोच डोस, तरी दोन दिवसांच्या आकड्यांची रेघ सारखी येत नाही, म्हणून डोस बदलला की पुढे काही दिवस थांबतात.

आणखी एक काम आजच कर. इन्सुलिनच्या बाटलीवर यू-40 आहे की यू-100 (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट की 100) ते वाच आणि सिरिंजवर तेच लिहिलंय का बघ. यू-100 चं औषध यू-40 च्या सिरिंजनं दिलं तर अडीचपट डोस जातो. मी स्वतः अशी मांजरं झटके येत असताना टेबलावर घेतली आहेत. त्यांच्या माणसांची माया कुठेच कमी नव्हती, सिरिंज चुकीची होती.

आकडा काहीही असो, मांजरानं खाणं सोडलं, उलट्या होताहेत, निपचित पडून आहे, तर घरी तपासत बसू नका. रक्तात कीटोन (साखर वापरता न आल्यानं शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) साठल्याची शक्यता असते, तिथे तास मोजून असतात. हे सगळ्याच वाचकांना सांगते आहे.

प्रश्न: टोचण्याऐवजी अंगाला चिकटवायचा सेन्सर लावला तर?

उत्तर: लावतात, आणि ज्या मांजराचा कान हातातच येत नाही त्याच्यासाठी तो मोठा आधार आहे. थोडे केस काढून डॉक्टर तो बसवतात. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. चौदा दिवसांचा सेन्सर मांजरं बऱ्याचदा त्याआधीच काढून टाकतात. त्यानं फार कमी आकडा दाखवला की कानाचा थेंब घेऊन पडताळा. म्हणजे कानाची सवय तरीही लावून ठेवायलाच हवी.

प्रश्न: हे जन्मभर करावं लागणार का?

उत्तर: काही मांजरांना पुढे इन्सुलिन लागत नाही, आणि माणसाच्या मधुमेहापेक्षा ही आशा मांजरात बरीच जास्त असते. आजार लवकर लक्षात आला, आहारातलं कर्बोदक कमी केलं, शुगर पहिल्या महिन्यांत आटोक्यात राहिली, तर शक्यता वाढते. बंड्याचं तसं झालं नाही. पण ज्यांचं होतं, त्यांच्यासाठी घरची तपासणी जीव वाचवणारी ठरते. स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं, आणि आपण मात्र जुनाच डोस देत राहतो. इंजेक्शनच्या आधीचे आकडे आठवडाभर हळूहळू उतरताना दिसले तर लगेच कळवा. आणि एखाद्या वेळी आकडा 150 च्या खाली आला, तर भरलेली सिरिंज बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना फोन करा.