दोर सैल सोडण्याची वेळ

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. घोड्याच्या तोंडावर मोरकी, म्हणजे दोर अडकवायचे पट्टे, घालायला रोज अर्धा तास जातो, हात वर गेला की घोडा मान फेकतो, आणि दोर धरून चालवायला गेलीस की मागे रेटतो. शेवटी तू विचारलंयस, ‘माझंच काही चुकतंय का?’ हो, चुकतंय. पण सुधारता येण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोर ताणलेला असताना घोडा शिकत नाही. दोर सैल पडतो, त्या क्षणी तो शिकतो. ताण म्हणजे आपण त्याला विचारलेला प्रश्न. आपण काय केल्यावर तो ताण गेला, एवढंच घोडा लक्षात ठेवतो. आता तुझंच पत्र पुन्हा वाच. तो मागे रेटतो, तू दमतेस आणि दोर सोडतेस. म्हणजे तीन आठवडे तू त्याला मागे रेटायलाच शिकवलंस, आणि तो ते चांगलं शिकला. त्याला हट्टी म्हणू नकोस.

उद्या असं कर. त्याच्या खांद्याशी उभी राहा, समोर नको. मोरकीचा पट्टा त्याला जाणवेल एवढाच दोर ताण आणि तिथेच थांब. खेचू नकोस, झटका देऊ नकोस, पण सोडूही नकोस. तो मान वर करेल, बाजूला वळेल, कदाचित मागेही जाईल. मागे गेला तर तेवढाच ताण ठेवून त्याच्याबरोबर जा. कधीतरी तो अंगाचा भार जरासा पुढे घेईल. पाऊल उचलण्याची वाट बघू नकोस, भार पुढे आला की लगेच सोड. तू एक-दोन सेकंद उशीर केलास, तर तेवढ्यात त्याने पुन्हा मान झटकलेली असेल, आणि मग त्याच्या लेखी मान झटकली म्हणून सुटका झाली. पहिल्या दिवशी एक पाऊल मिळालं तरी पुष्कळ झालं. पंधरा-वीस मिनिटांत थांब. आणि दोर कधीही हाताला गुंडाळू नकोस, घड्या करून मुठीत धर. गुंडाळलेल्या दोरात घोडा उधळला तर बोटं जातात. इथे मला कोणतीही सबब चालणार नाही.

मोरकीचं कारण वेगळं आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला सभोवार जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. तू सरळ समोरून हात नेतेस. तुझा हात जवळ येता येता त्याला दिसेनासा होतो आणि एकदम तोंडावर येतो. ज्याच्या जातीने लाखो वर्षं पळून जीव वाचवला, तो अशा वेळी मान फेकणारच. म्हणून हात आधी खांद्यावर ठेव. तिथून वर, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर खाजव. घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. मग मानेवरून गालापर्यंत ये, आणि तो बिचकायच्या आत हात मागे घे. बिचकल्यावर हात काढलास तर बिचकणं पक्कं होईल. हा सराव करताना मोरकी नुसती तुझ्या खांद्यावर असू दे. आणि डाव्या बाजूने जमलं की उजवीकडून सगळं पुन्हा पहिल्यापासून दाखव.

‘आज तो अगदी पुतळ्यासारखा उभा होता,’ असं तू आनंदाने लिहिलंयस. त्या वाक्याची मला काळजी वाटली. शांत घोडा आणि भीतीने थिजलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. शांत घोड्याची मान खाली येते, खालचा ओठ सैल पडतो, मागचा एखादा पाय तो नुसता टेकवून उभा राहतो, कान इकडेतिकडे फिरत असतात. थिजलेल्याची मान दगडासारखी लागते, नाकपुड्या आवळलेल्या असतात, डोळ्याची पापणी लवत नाही. तो तोंड चघळायला लागला की ‘कळलं त्याला’ असं बरेच जण म्हणतात. मी तेवढं मानत नाही. ताण उतरतोय, इतकाच अर्थ मी त्यातून घेतो आणि क्षणभर थांबतो.

हा फरक मी एका घोडीकडून शिकलो, आणि त्याची किंमत तिने मोजली. पाच आठवडे तिच्यावर चांगलं काम झालं होतं. खोगीर पाठीवर ठेवू द्यायची, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा सैल बांधला की चालायची. एके दिवशी तिचे मालक बघायला आले आणि मला घाई झाली. ती निश्चल उभी होती. मी ते शांतपण समजलो आणि तंग एका दमात आवळला. ती उसळली, खोगीर फिरून पोटाखाली गेलं आणि त्यावर लाथा झाडत ती कुंपणापर्यंत धावली. चारही पाय सोलवटले होते. जखमा पंधरा दिवसांत भरल्या. खोगीर पाहून तिचं थरथरणं थांबायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी रोज खोगीर घेऊन तिला दिसेल एवढ्या अंतरावर जायचो, तिने मान खाली केली की तिथूनच परत फिरायचो. तंग तेव्हापासून मी एकेक भोक करून आवळतो आणि मध्ये दोन पावलं चालवतो.

बरोबरीच्या मुली रपेट करायला लागल्या, म्हणून तुला मागे पडल्यासारखं वाटतंय. तुझा घोडा चार वर्षांचा आहे. घोड्याच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला साधारण पाच-सहा वर्षं लागतात, इतर हाडांपेक्षा उशिरा. जमिनीवरच्या कामात गेलेल्या या महिन्यांनी त्याच्या पाठीचं भलंच होतंय.

आता शेवटचं, पण खरं तर आधी करायचं. पुढचा डावा पाय तो पुढे काढून उभा राहतो आणि खूर साफ करताना तोच पाय देत नाही, असं तू ओघात लिहून गेलीस. घोडा पुढचा पाय असा वारंवार पुढे काढून ठेवतो तेव्हा बऱ्याचदा तिथे दुखत असतं. वर लिहिलेलं सगळं दोन दिवस बाजूला ठेव. पशुवैद्यांना बोलाव आणि तो खूर दाखव. दोन्ही पुढच्या खुरांना हात लावून बघ, डावा जास्त गरम लागतोय का. ते काय म्हणतात ते लगेच कळव. मी वाट बघतोय.

तुझा,
काका