शेणोलीच्या रेल्वे लुटीचा प्रसंग कॉलेजच्या पोरांना घेऊन फोटोत उभा करायचा आहे. वेशभूषा आणि शस्त्रं काय ठेवावीत?

शस्त्रांचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो.

७ जून १९४३ ला सातारच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं, म्हणजे त्यांच्या लढाऊ दलानं, शेणोलीला पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रोकड नेली, हे तुम्हाला माहीत असणारच. त्या सेनेचे म्होरके, कुंडलचे कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) यांनी म्हातारपणी स्वतः सांगितलंय: रुळावर दगड रचले, गाडी मागं हटू नये म्हणून शेवटच्या डब्यामागंही रचले. हातात विळे, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक होती ती गार्डाकडं, आणि तो घाबरलेला.

आमच्या मंडळाला क्रांतिदिनाला हाच फोटो हवा होता. कॅमेरा माझा, अध्यक्ष माझा थोरला चुलतभाऊ. पोरांनी घरनं विळे आणले, प्राथमिक शाळेचे एक मास्तर गार्ड झाले. काय भेदरलेला चेहरा दिला त्यांनी! तेवढ्यात दादा ड्रेसवाल्याकडनं पिशवीभर प्लास्टिकची पिस्तुलं आणि लग्नातले तयार फेटे घेऊन हजर. स्वतःच्या पोराला मिशी चिकटवून मधोमध उभा केला.

म्हटलं, "दादा, यांच्याकडं बंदुका नव्हत्या."

"मग शौर्य दिसणार कसं? आणि सांगलीचा तुरुंग फोडला तेव्हा गोळीबार झालाच की!"

झाला. पण तो त्याच वर्षी २४ जुलैला, वसंतदादा पाटील सांगलीच्या गणेशदुर्ग किल्ल्यातल्या तुरुंगातून निसटले तेव्हा, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांचे साथीदार अण्णासाहेब पत्रावळे, बाबूराव जाधव गेले. ते इथं कशाला? दगड रचून इंग्रजाची रेल्वे थांबवली, यापुढं पिस्तूल म्हणजे खेळणंच. शेवटी स्टँडवर फ्लेक्स लागला तो पिस्तुलांचाच. माझ्या फोटोत म्हणे हिरो कोण ते कळत नाही. अहो, कळायलाच नको! खेड्यापाड्यातली पोरं होती ती, एकमेकांच्या आडोशानं उभी राहिलेली. दादाला हे आजही पटत नाही, दिवाळीच्या फराळालासुद्धा विषय निघतो.

तर एकच बंदूक ठेवा, ती गार्डाच्या हातात. कपड्यांचं सोपं आहे: धोतर, पैरण, टोपी, सगळं सुती आणि मळकं. नीळ घातलेलं पांढरंशुभ्र नको. कानावरची मशीन मारलेली कटिंग टोपीखाली झाका.

गाडी दाखवूच नका. तेव्हा मीटरगेज आणि वाफेचं इंजिन, आता ब्रॉडगेज, सिमेंटचे स्लीपर, वर विजेच्या तारा. आम्ही कॅनॉलच्या भरावावर दगड रचले, कॅमेरा जमिनीलगत ठेवला, मागं ओला पाला पेटवून धूर केला. चौकटीत ऊस येऊ देऊ नका, एवढा ऊस कारखान्यांनंतरचा.

हां, एक राहिलं. खऱ्या रुळाकडं पोरांना नेऊ नका. विनापरवाना गेलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं, आणि रुळावर दगड ठेवणं हा तर त्याहून मोठा गुन्हा. गावठी बॉम्बही फोटोत नकोत, पोलीस पाटलाला समजावता समजावता पुरेवाट होते.