‘ब्लेइस्पेल’ म्हणजे सुखांतिका नव्हे

प्रश्न असा आला आहे : दक्षिण आफ्रिकेतल्या एका लोकप्रिय प्रेमविनोदी नाटकाला आफ्रिकान्समध्ये ‘ब्लायस्पेल’ म्हणतात. त्याच्या प्रयोगांबद्दल लिहिताना मराठीत ‘सुखांतिका’ म्हणावं का?

म्हणू नये. आणि आधी उच्चार सुधारा : ब्लाय नव्हे, ब्लेइ. आफ्रिकान्स शब्द इंग्रजी वळणाने वाचला की हे असं होतं.

कॉमेडी दिसली रे दिसली की तिला ‘सुखांतिका’ चिकटवायची, ही खोड मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. ‘ब्लेइ’ म्हणजे आनंदी आणि ‘स्पेल’ म्हणजे खेळ. झाला आनंदाचा खेळ! यात अंत आला कुठून? शोकनाट्याचा शब्दही असाच : ‘त्र्योरस्पेल’, शोकाचा खेळ. डच कवी फोन्डेलने १६३७ मध्ये आपल्या नाटकाचा प्रकार याच शब्दाने सांगितला होता. आफ्रिकान्सला ही जोडी डचकडून वारशाने मिळाली, आणि जर्मनमध्येही ‘लुस्टश्पील’ व ‘ट्रावरश्पील’ आहेतच. हे सगळे शब्द भाव सांगतात. शेवटी लग्न लागलं की माणूस मेला, याची पंचाईत करत नाहीत. ‘अंत’ आपण घुसडला. निदान ‘सुखात्मिका’ म्हणा. तो शब्द मराठी समीक्षेत रुळलेला आहे, तरी कोशकार ‘सुखांतिके’लाच का कवटाळून बसतात, हे त्यांनाच ठाऊक.

आता खरी गंमत. डचमध्ये ‘आनंदी’साठी ‘ब्लेइ’ आणि ‘राहणे’साठी ‘ब्लेइवन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. आफ्रिकान्सने दुसऱ्याचं शेपूट तोडलं आणि दोन्ही ‘ब्लेइ’च झाले. ‘एक इस ब्लेइ’ म्हणजे मी आनंदात आहे. ‘एक ब्लेइ’ म्हणजे मी राहतो. प्रेमाच्या नाटकाला ‘राहून जाण्याचा खेळ’ म्हणायचा मोह मला दर वेळी होतो. व्युत्पत्ती म्हणून हे साफ चूक आहे, पण नायक शेवटी गाव सोडत नाही अशा नाटकाला किती शोभेल!

आणि ‘खेळ’ तर आपलाच. कोकणातले नमन-खेळे, दशावताराचे खेळ. भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत केला तोही खेळच. ‘प्रयोग’ हा शब्द मला उगाच प्रयोगशाळेत नेतो. (यावर भांडणारे भांडोत.) तिकडे दक्षिण आफ्रिकेतही आफ्रिकान्स व्यावसायिक रंगभूमीची सुरुवात फिरत्या मंडळ्यांचीच. १९२५ च्या सुमारास डच नट पॉल द ख्रूट आपली मंडळी घेऊन गावोगाव आफ्रिकान्स नाटकं करत हिंडू लागला. त्याच वर्षी आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला. पुढे १९४७ मध्ये सरकारी मदतीची राष्ट्रीय नाट्यसंस्था निघाली आणि तिचेही दौरे सुरू झाले. १९९५ पासून शहामृगांच्या आउट्सहोर्न गावात आफ्रिकान्स कलामहोत्सव भरतो, तिथेही नाटकं असतात.

हां, तुमचा प्रश्न. ‘प्रेमविनोदी नाटक’ असंच लिहा, आणि प्रयोगांना ‘खेळ’ म्हणा.