धाकट्याच्या पिशव्यांतली दगडाची भुकटी

पत्र : मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. थोरली मुलगी पुण्यात सीओईपीला कॉम्प्युटर करते, मधला मुलगा सरकारी मेडिकलला आहे. दोघांच्या वेळी गावानं चौकात फलक लावले, सत्कार केला. धाकट्याला यंदा एमएचटी-सीईटीत ७४ पर्सेंटाइल पडले आणि तो बीएस्सी जिऑलॉजी (भूशास्त्र) करतो म्हणतोय. एक वर्ष थांबवून पुन्हा सीईटीला बसवावं असं मला वाटतं. थोरल्या दोघांना ‘अभ्यासाला बस’ असं कधी म्हणावं लागलं नाही. याचं लक्ष कुठं असतं कळत नाही. मळ्यात बोअर मारली तेव्हा रात्रभर गाडीजवळ उभा राहून दगडाची भुकटी पिशव्यांत भरत होता. काय करावं?

सर, सादर नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पिशव्यांपाशी थांबले. लक्ष कुठं असतं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात ते कुठं असतं तेही सांगितलंत.

बोअर खाली जाते तशी भुकटीचा रंग पालटतो. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच एखादा तांबडा थर. आपला दख्खनचा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाचे थर. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतं. ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि थराच्या सच्छिद्र भागात सापडतं. म्हणून एका बांधावर दोन इंच पाणी लागतं आणि शेजारच्या रानात पाचशे फुटांवरही नुसता धुरळा उडतो. भूजलाचं काम करणारे लोक अशीच भुकटी ठरावीक खोलीला वेगळी काढून तपासतात. तुमच्या मुलाला ते कुणी शिकवलं नव्हतं.

आता वर्ष थांबवण्याबद्दल. परीक्षेच्या वेळी मूल आजारी असेल किंवा थोडक्यात जागा हुकली असेल आणि त्याला स्वतःला पुन्हा बसायचं असेल, तर मीच म्हणते, थांबा. इथं पुन्हा बसायचं तुमच्या मनात आहे, त्याच्या नाही. थोरल्या दोघांना सांगावं लागलं नाही, कारण त्यांना तेच हवं होतं. तुमच्या घरात दोनदा जे फळलं ते हे स्वतःला हवं असणं. सीईटी किंवा ‘नीट’ ही परीक्षा त्यानंतरची. ७४ पर्सेंटाइल म्हणजे ७४ टक्के गुण नव्हेत, परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. मुलगा कच्चा नाही.

वाट मात्र लांब आहे, हे लपवत नाही. नुसत्या बीएस्सीवर फारसं मिळत नाही, एमएस्सी करावीच लागेल. पुण्यात फर्ग्युसनला आणि मुंबईत झेवियर्सला बीएस्सीला हा विषय आहे. पुढं ‘जॅम’ ही परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. मुंबई आयआयटीत अप्लाइड जिऑलॉजी आहे. एमएस्सीनंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते. तिच्यातून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात आणि केंद्रीय भूजल मंडळात अधिकारी घेतात. जागा थोड्या, चुरस मोठी. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. खाणी, धरणं, बोगदे इथंही भूशास्त्रज्ञ लागतात. काम उन्हातान्हातलं, फिरतीचं. पहिला पगार बहुधा ताईएवढा नसेल, हे आजच मनाशी धरा, म्हणजे पाच वर्षांनी त्याच्यासमोर तो विषय निघणार नाही.

आणि फलकाचं. ‘दोघांचा लागला, तिसऱ्याचा कधी?’ असं चौकात कुणी विचारलं की तुम्हाला कसं होत असेल, ते मला कळतं. तुम्ही स्वतः मास्तर; गाव तुमच्याकडे पाहतं. पण तो प्रश्न त्या मुलालाही रोज ऐकू येतो आणि तो मात्र कुणाला पत्र लिहीत नाही. एक काम कराच. ताईला आणि दादाला फोन लावून द्या, धाकट्याला त्यांच्याशी एकट्याला बोलू द्या. ताई पुण्यातच आहे, ती कॉलेजात जाऊन चौकशी करील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून फील्डवर्क कसं असतं, तेही विचारील.

बीएस्सीचे प्रवेश सीईटीच्या फेऱ्यांसाठी थांबत नाहीत. ‘आधी इंजिनिअरिंगचं काय होतं ते बघू’ म्हणत बसलात तर ही जागाही जाईल. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका काढून ठेवा, अर्ज या आठवड्यात भरा.

त्या पिशव्या अजून घरात असतील तर टाकून देऊ नका. एकदा त्याच्याकडून एकेक उघडून घ्या आणि पाणी कितव्या फुटाला लागलं, कुठल्या दगडात लागलं, ते त्याला सांगू द्या. पुढचं पत्र त्यानं लिहिलं तर मला आवडेल.