एकच पट्टी किंचाळते

प्रश्न : चतुर्थीला लेकीसाठी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. महिन्यातच मधल्या सप्तकातला एफ शार्प कितीही हळू दाबला तरी दचकावा इतका मोठा वाजतो. दुकानदार म्हणतो, 'गोव्याची दमट हवा, वाजवून वाजवून सुटेल.' खरं का? – एक आई, फोंडा

उत्तर : हवेवर ढकलणं सोपं असतं, ताई! पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन संपर्क असतात. पहिला नि दुसरा जुळण्यात किती वेळ जातो त्यावरून आवाज लहान की मोठा ते ठरतं. तिथं धूळ बसली किंवा रबर सरकलं की ते माप चुकतं. सेटिंगमध्ये 'टच' (दाबण्याच्या जोरानुसार आवाज बदलणारी सोय) बंद करून बघा. एफ शार्प शेजारच्या पट्ट्यांइतकाच वाजला, तर स्पीकर बरा, खोट संपर्कातच. वाजवून ती सुटत नाही.

स्वतः उघडू नका, वॉरंटी जाईल. (माझ्या भावानं उघडला होता, चार स्क्रू अजून डब्यात आहेत.) शेजारची पट्टी नि ही, दोन्ही हळू वाजवून व्हिडिओ काढा, बिलासोबत दुकानाला लेखी पाठवा, दुरुस्ती किंवा बदली मागा. टोलवलंच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.