जर्मनीत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून येण्याआधी

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर आहात, त्यातली शेवटची चार कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि सध्या जर्मनीतल्या दोन ठिकाणी मुलाखती चालू आहेत. तुमचे प्रश्न तीन: भारतातला अनुभव इथे धरतात का, कामाची पद्धत किती वेगळी आहे, आणि जर्मन खरंच लागते का. मी २०१७ पासून इथे हेच काम करते आहे. पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते: धरतात. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), स्प्रिंट (एक-दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा), युजर इंटरव्ह्यू (वापरणाऱ्यांच्या मुलाखती), सगळं तेच आहे. अडतं ते "आधी सोडू, मग लोक वापरतील तसं सुधारू" या सवयीपाशी. मी ती सवय मोठ्या अभिमानाने घेऊन आले होते.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. आमचं सॉफ्टवेअर कारखान्यांच्या शिफ्ट लावायचं. त्यात मी एक स्क्रीन आणली होती: कोण किती वेळा उशिरा आलं, नावानिशी, लाल-हिरव्या रंगात. एका मोठ्या ग्राहकाकडे डेमो होता. प्लँट मॅनेजर खूश, आमचा सेल्सवाला त्याहून खूश. कोपऱ्यात वही घेऊन बसलेले एक पन्नाशीचे गृहस्थ शेवटपर्यंत गप्प होते. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "हे कोणाकोणाला दिसणार?" मी उत्साहाने सांगितलं, "सगळ्या सुपरवायझरना!" ते बेट्रीब्सराटचे अध्यक्ष होते. प्रकल्प पाच महिने अडकला.

बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ. आपल्याकडच्या युनियनशी याची गल्लत करू नका, ते वेगळं प्रकरण आहे. पाच कायम कर्मचारी असले तरी ते निवडता येतं. संबंधित कायद्याच्या ८७व्या कलमानुसार, कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारी कुठलीही तांत्रिक यंत्रणा आणायची तर जिथे हे मंडळ आहे तिथे त्याची संमती लागते. यातलं "ठेवू शकणारी" हे महत्त्वाचं. तुमचा तसा हेतू नव्हता म्हणून सुटका नाही. न्यायालयांनी शक्यता पुरेशी मानली आहे. म्हणजे साधी लॉगिनची नोंदसुद्धा चर्चेत येते. कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा आणि अडवू शकणारा तिसरा. मुलाखती तिघांच्याही घ्यायच्या.

आम्ही शेवटी नावं काढली, आकडे गटाचे केले, फार लहान गट असेल तर आकडाच दाखवायचा नाही असं ठरवलं, आणि कुठली माहिती किती दिवस राहते याचं चार पानी टिपण केलं. पुढे गंमत अशी झाली की त्या टिपणामुळेच पुढची दोन गिऱ्हाइकं लवकर मिळाली. आता नवीन फीचरचा कागद लिहायला घेतला की "हे कोणाला दिसणार?" हा प्रश्न मी सगळ्यात वर टाकते.

सामान्य ग्राहकांसाठीच्या प्रॉडक्टमध्ये गेलात तर कायदा थेट बटणावर येऊन बसतो. ऑनलाइन दुकानातल्या शेवटच्या बटणावरून पैसे द्यावे लागणार हे स्वच्छ कळलं पाहिजे. म्हणून जिकडे तिकडे "त्सालुंग्सफ्लिश्टिग बेश्टेलेन", म्हणजे "पैसे देण्याच्या बंधनासह मागवा", असं लांबलचक वाक्य दिसतं. ऑगस्ट २०१२ पासूनचा हा नियम आहे. नुसतं "पुढे" किंवा "ऑर्डर करा" लिहिलंत तर करारच धोक्यात येतो. जुलै २०२२ पासून वेबसाइटवरून घेता येणारी सबस्क्रिप्शन रद्द करण्यासाठीही वेगळं बटण लागतं, तेही सहज सापडेल असं, लॉगिनच्या मागे दडवलेलं नाही. ग्राहक सोडून जाऊ नये म्हणून चार पडदे आणि दोन ऑफर मध्ये घालायची कला तुम्ही शिकला असाल, तर ती तिथेच ठेवून या. मला वैयक्तिकरीत्या हा नियम आवडतो. रिटेन्शनचा, म्हणजे किती ग्राहक टिकून राहिले याचा, आकडा निदान खरा असतो.

शिवाय ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. लोक कपडे तीन मापांत मागवतात आणि दोन परत पाठवतात. किंमत ठरवताना परतीचा खर्च धरूनच चालायचं.

प्रायव्हसीबद्दल ऐकलं असेलच. युरोपचा डेटा-संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि मोठ्या उल्लंघनाला जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पण जर्मन माणसाचा स्वभाव त्याच्याही आधीचा आहे. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २०१० मध्ये इथल्या २० शहरांत आलं, तेव्हा सुमारे २,४४,००० घरांनी "आमचं घर धूसर करा" अशी मागणी केली होती. तुमच्या रोजच्या कामात याचा परिणाम असा: ट्रॅकिंगला बरेच जण नकार देतात, त्यामुळे डॅशबोर्डवर दिसतात ते सगळे वापरकर्ते नसतात. ए-बी टेस्टचा, म्हणजे दोन गटांना दोन वेगळी रूपं दाखवून केलेल्या तुलनेचा, निकाल डोळे झाकून मानायची सोय राहत नाही. माणसांशी प्रत्यक्ष बोलणं वाढवावं लागतं.

मार्केटिंगमध्ये विशेषणं जपून वापरा. "बाजारात सर्वोत्तम", "नंबर एक" असं लिहिलंत तर सिद्ध करता आलं पाहिजे. नाहीतर प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाचं पत्र येतं. त्याला आबमानुंग म्हणतात, आणि ते बिलासकट येतं. त्यापेक्षा श्टिफ्टुंग वारेनटेस्टची "गुट", म्हणजे "चांगलं", अशी श्रेणी लोकांना जास्त पटते. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था वस्तू स्वतः दुकानातून विकत घेऊन तपासते. चांगली श्रेणी मिळाली की कंपन्या लायसन्स घेऊन ती पाकिटावर छापतात.

आता भाषा. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये इंग्रजीवर वर्षानुवर्षं निभतं. दक्षिणेतल्या यंत्र बनवणाऱ्या मध्यम कंपनीत निभणार नाही, कारण तुमची टीम इंग्रजी बोलेल, तुमचं गिऱ्हाईक नाही. आणि भाषा म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, म्हणजे "१.५००" हे दीड हजार. आमच्या पहिल्या इम्पोर्टमध्ये एका गिऱ्हाइकाचे दीड हजार तास दीड तास झाले होते. एक्सेलच्या सीएसव्ही फाइलमध्येही (साध्या मजकुरातला तक्ता) इथे रकाने स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने वेगळे होतात. "सेटिंग्ज"चं "आइनश्टेलुंगेन" झालं की शब्द बटणात मावत नाही. ग्राहकाला "तू" म्हणायचं की "आपण" यावर तर मी दोन तासांची मीटिंग बघितली आहे, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा युरोपीय वास्तव्य-परवाना) आलात तर बी-१, म्हणजे मध्यम, पातळीच्या जर्मनवर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीवर, २७ महिन्यांनी. त्यामुळे क्लास पहिल्या महिन्यातच लावा.

शेवटी करार. प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ, जास्तीत जास्त सहा महिने. त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोघांनाही वेगळं होता येतं. त्यानंतर बऱ्याच करारांत तीन महिन्यांची नोटीस असते. हे रोडमॅपलाही (प्रॉडक्टच्या पुढच्या कामांच्या वेळापत्रकाला) लागू आहे: आज निवडलेला डेव्हलपर तीन-चार महिन्यांनी रुजू होईल असंच धरायचं. दुसऱ्या मुलाखतीत हायरिंग मॅनेजरला विचारा, की टीममधल्या जागा आज भरल्या आहेत की भरायच्या आहेत. मी विचारलं नव्हतं, आणि पहिले चार महिने एका डेव्हलपरवर काढले.